बसलिंगप्पांचे तीनशे मार्के

बसलिंगप्पांना वाचता येत होतं, लिहिताही येत होतं. पण त्यांची उभी हयात गेली ती ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खुणा काढण्यात. लातूरच्या मार्केट यार्डात त्यांना मार्कावाले म्हणत. तूर, हरभरा, करडी, जो माल असेल तो पोत्यात भरून शिवला की त्यावर पेढीचा मार्का मारायचा, हे त्यांचं काम. पत्र्यात छाप कापायचा, पोत्यावर ठेवायचा, वरून शाईचा कुंचला फिरवायचा. कुणाची घंटा, कुणाचा त्रिशूळ, कुणाचे दोन मासे. त्या काळच्या बहुतेक हमालांना पाटी वाचता यायची नाही. पोतं कोणत्या गोदामात टाकायचं ते मार्का सांगायचा.

एकेचाळीस वर्षांत त्यांनी तीनशे चाळीस मार्के कापले आणि एकही वहीत उतरवला नाही. विचारलं तर डोक्याकडे बोट दाखवायचे. पुढे मशीनवर छापलेल्या प्लास्टिकच्या गोण्या आल्या. पत्र्याचे छाप भंगारात गेले आणि बसलिंगप्पा घराच्या ओट्यावर आले. आडत बाजाराच्या मागच्या गल्लीत आम्ही त्यांच्या समोर राहायचो. त्यामुळे गुरम्मांचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, रोजचं गाऱ्हाणं आम्हाला पाठ होतं.

"माणूस घरी बसला की देवाचं काहीतरी करतो. हे येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर पाठ करून राहिलेत."

"विसरले जात न्हाईत त्याला मी काय करू?" बसलिंगप्पा म्हणायचे.

२०१८ च्या पावसाळ्यात, म्हणजे जो पडलाच नाही त्या पावसाळ्यात, त्यांची भाची शिवलीला उदगीरहून त्यांच्याकडे राहायला आली. धाकट्या बहिणीची, शांतम्माची मुलगी. नर्सिंग झालेलं, सात वर्षं उदगीरच्या एका खाजगी दवाखान्यात नोकरी, कंत्राटावर. लातुरात डॉक्टर-इंजिनिअर करून देणाऱ्या क्लासांच्या पाट्यांची गर्दी आहे. त्या गर्दीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर रेणुकादास सरांनी जपानी भाषेचा क्लास काढला होता. सर पुण्याला जपानी शिकून, तिथं काही वर्षं नोकरी करून गावी परतलेले. जपानात म्हाताऱ्या माणसांची काळजी घ्यायला नर्स हव्या होत्या. जपानीची एक ठरलेली परीक्षा पास झाली की तिथली एक संस्था तीन वर्षांसाठी घेणार होती. शिवलीला त्यासाठी आली होती.

तिला बोलता पटकन आलं. ऐकलेलं कळायचंही. अडलं ते अक्षरांशी. जपानीत आपल्या बाराखडीसारखी सोपी अक्षरं असतात, ती महिन्याभरात झाली. पण त्यांच्या जोडीला चित्रांसारखी अक्षरं असतात. एकेका अक्षरात एकेक अर्थ भरलेला. या परीक्षेसाठी अशी तीनशे यावी लागतात. डिसेंबरात ती परीक्षेला बसली आणि नापास झाली. जानेवारीच्या शेवटी निकाल लागला तेव्हा सरांनी आडपडदा ठेवला नाही.

"शिवलीला, पुढची परीक्षा जुलैत. त्यानंतर थेट डिसेंबरात. पण ऑक्टोबरात तू तीस पूर्ण करतेस, आणि संस्थेची अट तिशीच्या आतली आहे. म्हणजे तुझ्यासाठी जुलै ही शेवटची."

"आणि न्हाई झाले तर?"

"तर उदगीर आहेच."

मार्चमध्ये नळ दहा दिवसांनी येऊ लागला. नळाच्या दिवशी सगळी गल्ली पहाटेपासून भांड्यांपाशी बसायची. शिवलीला घागरींच्या रांगेशेजारी पाटावर बसून वही भरत होती. एक अक्षर शंभर वेळा, मग दुसरं शंभर वेळा.

गुरम्मा म्हणाल्या, "शाळेत मास्तर शिक्षा करायचा तसं चाललंय. कुणी केली गं शिक्षा?"

"मीच मला, मामी."

बसलिंगप्पा मागून वाकून पाहत होते. वहीत तीन अक्षरं शेजारी शेजारी होती: 時, 持, 待.

"हे तिघं एकाच पेढीचे हायेत का?"

"पेढी कसली, मामा? अक्षरं हायेत. लई छळून राहिलेत. एक लिहायला गेलं की दुसरं येतं."

"छळणारच. भाऊ हायेत. उजव्या अंगाला बघ तिघांच्या. वर कळस, खाली दोरीला घंटा लोंबून राहिली. देऊळ हाय ते."

शिवलीलानं वही डोळ्यांजवळ नेली. "हाव, सर म्हणले होते. त्या तुकड्याचा अर्थ देऊळच हाय. तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? दिसलं." बसलिंगप्पा तिच्याशेजारी टेकले. "यार्डात धोंडप्पाची घंटाछाप पेढी होती. तीन पोरं वाटणी करून वेगळी झाली. घंटा कुणी सोडीना. मग मी थोरल्याच्या घंटेवर टिंब दिलं, मधल्याच्या खाली रेघ दिली, धाकट्याच्या बाजूला पान काढलं. हमालांना तीन नवे मार्के पाठ करावे लागले न्हाईत. घंटा दिसली की धोंडप्पाचं घर. मग कोणता पोरगा, तेवढंच बघायचं. आता सांग, ह्या पहिल्यानं वाटणीत काय घेतलं?"

"सूर्य. अर्थ होतो वेळ."

"देवळावर ऊन कुठवर आलं ते बघून वेळ सांगायचे पूर्वी. झालं. दुसऱ्यानं?"

"हात. अर्थ धरणे, जवळ असणे."

"देवळात हात पुढं केला, प्रसाद धरला. तिसरा?"

"रस्ता. अर्थ वाट बघणे."

"रस्त्यावर दर्शनाची रांग. एकच घर, तीन भाऊ. आता शंभरदा कामून लिहितीस?"

तिनं वही मिटली. तेवढ्यात नळ आला आणि दोघं घागरी उचलायला धावले.

त्या दिवसापासून बसलिंगप्पांना उद्योग लागला. जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून त्यांनी तीनशे पत्ते केले. प्रत्येक पत्त्यावर शिवलीलाकडून एक अक्षर काढून घेतलं. मग एकेक हातात घेऊन ते न्याहाळत बसायचे, जसा एखादा म्हातारा स्थळाचा फोटो न्याहाळतो. पाण्याच्या अक्षराला, 水 ला, त्यांनी लगेच ओळखलं. "मधी नळाचा पाईप. दोन्ही अंगाला दोन बाया, एकमेकीला कोपरानं ढकलून राहिल्यात." तीन आडव्या रेघा म्हणजे तीन, हे तर लिंगायताच्या घरात कपाळावरच लिहिलेलं. 男 मध्ये शेताखाली वाकलेला हमाल, म्हणजे पुरुष. "बरोबर हाय," गुरम्मा म्हणाल्या. "बाईला कुणी दाखवलंच न्हाई काम करताना?"

या पद्धतीत धोकाही होता आणि तो क्लासात उघडा पडला. सरांनी फळ्यावर 休 काढलं. डावीकडे माणूस, उजवीकडे झाड.

"शिवलीला, अर्थ?"

"वाट बघणे, सर."

"कशावरून?"

"झाडाखाली माणूस उभा हाय. टँकरची वाट बघून राहिला."

अख्खा वर्ग मान हलवत होता. सगळ्यांना पटलं होतं. सरांनी अक्षराखाली रेघ ओढली.

"जपानात झाडाखाली माणूस आराम करतो," ते म्हणाले. "याचा अर्थ विश्रांती."

घरी हे ऐकून बसलिंगप्पांनी नियम केला. गोष्ट आपली असली तरी शेवट जपान्यांचाच ठेवायचा. आधी अर्थ विचारायचा, मग गोष्ट जुळवायची. झाडाखालच्या माणसाला त्यांनी डोक्याखाली टॉवेलची चुंबळ घेऊन आडवा केला. दुपारच्या सुट्टीतला हमाल.

एवढं होऊनही दीडशेच्या पुढे गाडं जाईना. नवीन शिकलं की जुनं निसटायचं. तेव्हा बसलिंगप्पा म्हणाले, "तू ठेवून कुठं राहिलीस?"

"काय?"

"अक्षरं. मी मार्के नुसते ध्यानात न्हाई ठेवले. जागेवर ठेवले. कोणता मार्का कुठल्या गाळ्यात, कुणाच्या शेजारी. तुझ्या अक्षरांना घरच न्हाई. कुठं सापडणार ते?"

मग त्यांनी तिला गावाच्या मधोमध, गंजगोलाईच्या गोल बाजारात नेलं. गोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात आणि जवळजवळ प्रत्येक रस्त्याचा धंदा वेगळा. सराफ एकीकडे, कापड एकीकडे, भांडी, चपला, गूळ, मिरची आपापल्या ठिकाणी. तीनशे अक्षरं सोळा रस्त्यांवर वाटली तर एका रस्त्याला अठरा-एकोणीस येतात. रोज क्लास सुटल्यावर एक रस्ता. मामा पुढे, भाची मागे, हातात पत्ते. नियम एकच: अक्षर नुसतं ठेवायचं नाही, तिथं त्याला काहीतरी करायला लावायचं. सोन्याचं अक्षर सराफाच्या तराजूत बसून वजन चुकवत होतं. विकत घेण्याचं अक्षर कापडाच्या दुकानात गिऱ्हाईक होऊन घासाघीस करत होतं.

मिरचीवाला मल्लिकार्जुन दोन दिवस हे पाहत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं विचारलं, "काय अप्पा, मोजणी करून राहिलाव का दुकानांची?"

"न्हाई. तुझ्या ढिगाला आग लावली आत्ता." पत्त्यावर आगीचं अक्षर होतं.

"लावा. माल कमी झाला तर भाव तरी चढंल."

"लीला, ह्याचं तोंड बी ध्यानात ठेव. दुकान जळून राहिलं आन् भावाचं बोलून राहिला."

मे महिन्यात गोलाई भरली. शिवलीलाला डोळे मिटून पहिल्या रस्त्यापासून सोळाव्यापर्यंत तीनशेच्या तीनशे सांगता येऊ लागली. हमालाच्या शिस्तीनं, डावीकडून सुरू करून, एकाच दिशेनं. "उलटं जायचं न्हाई," बसलिंगप्पांची ताकीद होती. "भरला गाडा उलटा वळत न्हाई. उलटं गेलीस की दोन सुटतील."

सर खूश झाले, पण अर्धेच.

"अर्थ तुला येतात. पण परीक्षेत अर्थ विचारत नाहीत. अक्षर देतात आणि वाच म्हणतात. उच्चार कुठाय? त्यातून एका अक्षराला दोन-दोन उच्चार. पाणी एकटं लिहिलं की मिझु. वाराच्या नावात आलं की सुई. सुईयोबी, म्हणजे बुधवार."

बसलिंगप्पा इथं अडले. मार्क्याला उच्चार नसतो. घंटाछाप म्हणा नाहीतर धोंडप्पाची म्हणा, पोतं बरोबर जागी जातं. दोन दिवस ते ओट्यावर पत्ते उलटसुलट करत बसले. गाड्यांचे नंबरसुद्धा वाचले नाहीत. शेवटी भाकरी थापता थापता गुरम्माच बोलल्या.

"त्यात काय अवघड हाय? मी तुम्हाला काय म्हणते?"

"अहो म्हणतीस."

"यार्डात?"

"मार्कावाले."

"घरात एकटे असला की अहो. चार माणसांत गेलाव की मार्कावाले. माणूस तोच. त्या पाण्याचं बी तसंच असंल. एकटं असलं की घरचं नाव. जोडीनं आलं की बाजारचं नाव."

शिवलीलानं सरांना विचारलं. सर म्हणाले, नेहमी नाही, पण बऱ्याचदा तसंच असतं, आणि हे मला पुण्यात तीन महिने कळलं नव्हतं. मग पत्त्यांच्या मागे दोन नावं आली. वर घरचं, खाली बाजारचं. गोलाईची फेरी आता बोलत व्हायला लागली. पाण्याचं मिझु, सुई. आगीचं हि, का. लोक वळून बघायचे.

या सगळ्यात उदगीरहून शांतम्माचा फोन एक दिवसाआड असायचाच. तिचा आवाज फोन कानाला न लावताही गल्लीला ऐकू यायचा.

"लीला, पंधरा ऑगस्टला उदगीर जिल्हा जाहीर होऊन राहिलाय म्हणतेत. ह्या टायमाला पक्कं हाय. जिल्हा झाला की सिव्हिल हॉस्पिटल येतं. नर्सा लागतील पन्नास. घरून डबा घेऊन जाशील."

"आई, मी नववीत होते तवापासून जिल्हा होऊन राहिलाय."

"आता खरंच होणार. किशनरावाच्या जावयानं सांगितलं. तो तहसीलमधी हाय."

"तो मागच्या वर्षी बी तहसीलमधीच होता."

जूनच्या मध्यावर सरांनी खऱ्या परीक्षेसारखी सराव परीक्षा घेतली. अक्षरं आणि शब्दांचा भाग: पस्तीस प्रश्न, तीस मिनिटं. शिवलीला बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पाहून सरांनी पेपर तिच्यासमोरच तपासला.

"एकवीस सोडवलेस. त्यातले वीस बरोबर. वर्गात इतकं अचूक कुणाचंच नाही. पण उरलेले चौदा?"

"तिथवर पोचलेच न्हाई, सर."

"कुठं होतीस मग?"

"गोलाईत."

सरांना कळेना. शिवलीलानं सांगितलं. प्रश्नात अक्षर दिसलं की ती डोळे मिटून पहिल्या रस्त्याला उभी राहायची. तिथून एकेक दुकान पार करत, अक्षर भेटेपर्यंत चालायची. तिसऱ्या रस्त्यावरचं लवकर भेटायचं. चौदाव्यावरच्याला दोन मिनिटं लागायची.

"प्रत्येक प्रश्नाला पुन्हा पहिल्या रस्त्यापासून?"

"उलटं जायचं न्हाई म्हणलेत मामा. गाडा वळत न्हाई."

"आणि थेट चौदाव्यावर का नाही जात?"

"कितव्यावर हाय ते चालल्याबिगर कसं कळणार, सर?"

सरांनी पेपर तिच्या हातात दिला. "तीन आठवडे आहेत," एवढंच म्हणाले.

घरी येऊन तिनं बॅग काढली. गुरम्मांनी विचारलं तर म्हणाली, उन्हाळाभर तुमच्या घरात एका माणसाचं पाणी जास्त लागलं, आता पुरे झालं. त्याच वेळी शांतम्माचा फोन आला. शिवलीलानं जिल्ह्याचं सगळं ऐकून घेतलं आणि या वेळी उलटून बोलली नाही.

"येते, आई. सोमवारच्या गाडीनं. होईल जिल्हा तवा होईल. बघू वाट."

बसलिंगप्पा दारात उभे होते. फोन ठेवल्यावर त्यांनी विचारलं, "लातूर जिल्हा झाला तवा मी काय करून राहिलो होतो, मालूम हाय का तुला?"

"न्हाई."

"ब्याऐंशी साल. माझं नुकतं लग्न झालेलं. आमचा बाप म्हणला, पोत्यांचं काम सोड. जिल्हा होणार, कलेक्टर हापीस होणार, तुझं अक्षर चांगलं हाय, सरकारी पेंटर होशील. मी सोडलं. जिल्हा झाला. आन् खरंच काम मिळालं. गावातल्या सगळ्या पाट्यांवर जिल्हा उस्मानाबाद लिहिलेलं होतं, ते खोडायचं आन् जिल्हा लातूर करायचं. शाळा, दवाखाने, दुकानं. लई धावपळ. दीड महिना."

"मग?"

"मग पाट्या संपल्या."

गुरम्मा आतून म्हणाल्या, "त्यानंतर दोन वर्षं हापीसच्या दारात अर्ज घेऊन बसायचे, ते सांगा की."

"बसलो. मग परत यार्डात गेलो. शेठ म्हणला, मार्के विसरलास का? मी म्हणलो, एक बी न्हाई." ते बॅगेशेजारी बसले. "लीला, जिल्हा होईल. सिव्हिल बी होईल. पण तिथं तुझी खुर्ची हाय का न्हाई ते पाट्या रंगवून झाल्यावर कळंल. इथं तीन आठवडे हायेत, ते तर दिसून राहिलेत."

"तीन आठवड्यांत काय होतंय, मामा? मला वेगच न्हाई."

"चूक माझी हाय. मी तुला माल ठेवायला शिकवलं. उतरवायला शिकवलंच न्हाई."

उतरवणं म्हणजे काय, ते त्यांनी दुसऱ्या दिवशी दाखवलं. यार्डात एका पेढीची भरलेली गाडी सोपी. कस लागायचा मिसळ गाडीला. बारा पेढ्यांची पोती एकात एक. गाडीचा फाळका उघडला की हमाल पोतं उचलतो आणि मार्कावाला त्याच्या पहिल्या पावलाआधी हाळी देतो: घंटा, डावीकडं. मासे, पुढं. तिथं आठवत बसायला सवड नसते. हमालाच्या पाठीवर क्विंटल असतो.

"मग तुम्हाला कसं आठवायचं?"

"शेजारणीचं नाव आठवायला तिच्या घरी जातीस का तू? पहिल्यांदा जातीस. दहांदा भेटली की रस्त्यात बी नाव तोंडात येतं. गोलाई पहिल्या भेटीसाठी. आता सगळ्यांना गोलाईतून बाहेर काढायचं."

तीनशे पत्ते गुरम्मांनी सुपात घालून पाखडले. पहिल्यासारखा क्रम राहिला नाही. त्या ओट्यावर उभ्या, शिवलीला खाली पाटावर, मध्ये रिकामं घमेलं. गुरम्मा एकेक पत्ता दाखवायच्या आणि सोडायच्या. पत्ता घमेल्यात पडायच्या आत दोन्ही नावं म्हणायची. पडला की बाद.

"थांबा मामी, हे गुळाच्या दुकानात..."

"पडला. गुळाला मुंग्या लागल्या. पुढचा."

पहिल्या दिवशी तीनशेतले एकशे चौऱ्याऐंशी बाद झाले. बसलिंगप्पा बाद पत्ते वेगळ्या टोपलीत टाकायचे आणि त्यासाठीही यार्डाचा हिशेब होता. नवा मार्का निघाला की ते हमालांना पहिल्या दिवशी दाखवत, मग तिसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं. तसंच इथं. चुकलेला पत्ता रोज सकाळी. एकदा बरोबर आला की तिसऱ्या दिवशी. परत बरोबर आला की आठवड्यानं. आठवड्यानंही चुकला तर पुन्हा रोजच्या टोपलीत. आलेलं पुन्हा पुन्हा घोकायला त्यांनी साफ मनाई केली. "ओळखीच्या माणसाला किती नमस्कार घालतीस?"

गल्लीतल्या बायका टँकरच्या रांगेतून हा खेळ बघायच्या. कुणी म्हणे नर्सबाई पत्ते खेळायला लागली. आठ दिवसांत त्यांच्याही तोंडी दहा-बारा अक्षरं बसली. टँकर वळणावर दिसला की एखादी ओरडायची, मिझु आलं.

टोपली हलकी होत गेली. एकशे चौऱ्याऐंशीचे नव्वद, नव्वदाचे एक्केचाळीस. जुलैच्या तीन तारखेला टोपलीत अकरा पत्ते होते. बसलिंगप्पा म्हणाले, "हे अकरा राहू दे. इतके माझे बी चुकायचे. एकदा मी अख्खी गाडी दुसऱ्याच्या गोदामात उतरवली होती."

"हे तुम्ही मला कधी सांगितलं न्हाई," गुरम्मा म्हणाल्या.

"तुला सांगायचं न्हाई हे ध्यानात ठेवलं, म्हणून ती चूक बी ध्यानात हाय."

परीक्षा पुण्याला एका कॉलेजात होती. मामा-भाची आदल्या दिवशी एसटीनं गेले. रविवारी बसलिंगप्पा कॉलेजच्या फाटकाबाहेर वर्तमानपत्र टाकून बसून राहिले. दुपार उलटल्यावर ती बाहेर आली आणि त्यांनी काही विचारायच्या आत म्हणाली, "पहिल्या भागातले सगळे सोडवले. चार मिनिटं उरली."

"गोलाईत गेली होतीस?"

"दोनदा. दोन्हीदा थेट दुकानात."

ऑगस्ट आला. पंधरा तारखेला झेंडावंदन झालं, भाषणं झाली, उदगीर जिल्ह्याचं नाव निघालं नाही. शांतम्मानं फोनवर सांगितलं की किशनरावाचा जावई आता सव्वीस जानेवारी म्हणतोय.

त्याच महिन्यात एका सकाळी सरांचा निरोप आला, निकाल लागलाय. शिवलीला क्लासात गेली. बसलिंगप्पा तिच्या मागे दोन जिने चढले आणि दम लागला म्हणून दाराशीच खुर्चीवर बसले. सरांनी तिचा नंबर कॉम्प्युटरवर घातला. पान उघडायला वेळ लागत होता.

"एकशे ऐंशीपैकी नव्वद लागतात," सर बसलिंगप्पांना म्हणाले.

"मालूम हाय."

"एकशे तीन." सरांनी पडदा तिच्याकडे वळवला. "पास आहेस. अक्षरांच्या रकान्यात वरची श्रेणी आहे."

शिवलीलानं आकडा दोनदा वाचला. मग मामांकडे पाहिलं. ते सरांना विचारत होते, "सर, सगळी मिळून किती असतेत अशी अक्षरं? ह्या तीनशेच्या पुढं?"

"रोजच्या वापरातली? दोन हजारांच्या वर."

बसलिंगप्पा खुर्चीवरून उठले. खाली उतरताना जिन्यात थांबून म्हणाले, "दोन हजाराला गोलाई पुरायची न्हाई. तिथं गेलीस की पहिलं त्यांचं मार्केट बघून घे."

घरी पोचल्यावर तिनं आईला फोन लावला. गुरम्मा हात पुसत बाहेर आल्या. बसलिंगप्पा ओट्यावर बसले. शांतम्माचा आवाज नेहमीसारखा सगळ्यांना येत होता, पण आज ती सावकाश बोलत होती.

"पास झालीस म्हणजे जाणारच."

"हाव."

"किती वर्षं?"

"तीन."

"मधी येता येतं का?"

"एखादवेळी. नक्की न्हाई, आई."

"खायला काय मिळतं तिथं? आपल्याला मासळी चालत न्हाई, सांगितलंस का?"

"सांगितलं. भात मिळतो, भाज्या मिळतेत."

 

"लीला, तिथं पाणी असतं का?"

"असतं."

"रोज?"

"रोज, आई. दिवसभर."

"मग जा," शांतम्मा म्हणाली. "आन् फोन तुझ्या मामाला दे. त्याच्यासंगं भांडायचंय मला."